जुनी परफॉर्मन्स गाडी घेताना: आधी फाइल वाचा, मग गाडी चालवा

नवी असताना पंचवीस-तीस लाखांना घेतलेली गाडी सात-आठ वर्षांनी निम्म्या भावात मिळते. तिचे पार्ट्स मात्र निम्म्या भावात मिळत नाहीत. टर्बो, गिअरबॉक्स, ब्रेक डिस्क, सस्पेन्शन, सगळ्याची बिलं अजूनही पंचवीस-तीस लाखांच्या गाडीचीच येतात. साधी हॅचबॅक घेताना सर्व्हिस हिस्ट्रीत थोडं इकडंतिकडं असलं तरी निभावून जातं. टर्बो पेट्रोल आणि ड्युअल क्लच (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सच्या गाडीत तेवढीच ढिलाई चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लावते.

उदाहरणासाठी मी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस धरतो. २०१७ मध्ये व्हीआरएस २३० आली: दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस, ३५० न्यूटन-मीटर, सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे स्कोडा-फोक्सवॅगनचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स. २०२० मध्ये आली व्हीआरएस २४५, थेट आयात केलेल्या फक्त २०० गाड्या, एक्स-शोरूम ३५.९९ लाख. आपल्याकडे हौशी लोकांच्या तोंडी ही नावं सतत असतात आणि बाजारात आलेली चांगली गाडी फार दिवस टिकत नाही. घाईघाईत टोकन दिलं जातं ते त्यामुळेच. पुढची पद्धत पोलो जीटी टीएसआयला जशी लागू आहे तशीच बीएमडब्ल्यू एम३४०आयलाही. फक्त दुखणी बदलतात.

फोनवर उरकायचं काम

गाडी बघायला पिंपरी ते ठाणे धावण्याआधी विकणाऱ्याकडून चार गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा: आरसीचा फोटो, पूर्ण चॅसिस नंबर, चालू विमा पॉलिसी आणि सगळ्या सर्व्हिसची बिलं. 'या ना, गाडी बघा, कागद इथे दाखवतो' असं उत्तर आलं तर मी सहसा जात नाही. ज्याच्याकडे कागद आहेत त्याला ते पाठवायला पाच मिनिटं लागतात आणि बहुतेक वेळा तो ते अभिमानाने पाठवतो.

एम-परिवहन अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसी ताडून घ्या. गाडी कितव्या मालकाकडे आहे आणि बँकेचा बोजा आहे का, हे आरसीवर पाहा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटवर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकले की चलानं दिसतात. ती भरायची कोणी, हा प्रश्न आहेच. पण त्यापेक्षा मला चलान कशाबद्दल झालं हे वाचण्यात रस असतो. 'घरातले काका फक्त देवळात जायला वापरायचे' अशा गाडीवर एक्सप्रेस-वेवरच्या वेगमर्यादेची चलानं ओळीने दिसली, की काकांबद्दल आदर वाढतो आणि किंमत कमी करायला सुरुवात करता येते.

विमा पॉलिसीत नो क्लेम बोनसचा आकडा पाहा. क्लेम नसेल तर तो दर वर्षी २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांवर थांबतो. एकाच मालकाकडे सात वर्षं असलेल्या गाडीवर २० टक्केच बोनस असेल, तर अलीकडे क्लेम झाला आहे किंवा विमा मध्ये खंडित झाला होता. दोन्हीचं कारण विचारा आणि क्लेम असेल तर दुरुस्तीचं बिल मागा. एक लक्षात असू द्या, हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो तुम्हाला मिळणार नाही.

फाइल कशी वाचायची

इथे वेळ घालवा. खरी गाडी फाइलमध्येच असते.

एका कागदावर चार रकाने पाडा: तारीख, किलोमीटर, काम, गॅरेज. प्रत्येक बिल त्यात उतरवा. उतरवता उतरवता दोन गोष्टी आपोआप दिसतात. पहिली म्हणजे रनिंगची चाल. वर्षाला बारा हजार चालणारी गाडी एका वर्षी अचानक दोन हजारच चालली असेल तर त्या वर्षी काय झालं? कोविडचं वर्ष असेल तर ठीक, नाहीतर ती कुठे उभी होती हे विचारा. दुसरी म्हणजे भोकं. स्कोडाचं नेहमीचं वेळापत्रक १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. 'गाडी चाललीच नाही म्हणून सर्व्हिस केली नाही' हे कारण मी धरत नाही, कारण ऑइल उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

आता एकेका बिलाच्या पोटात शिरा. 'जनरल सर्व्हिस' एवढंच लिहिलेलं बिल जवळपास निरुपयोगी. चांगल्या बिलात ऑइलचा ग्रेड, किती लिटर आणि फिल्टरचा पार्ट नंबर असतो. फोक्सवॅगन समूहाच्या (स्कोडा त्यातलीच) टर्बो पेट्रोल इंजिनांना ठरावीक मानकाचं ऑइल लागतं. ५०२ किंवा ५०४ हे आकडे बिलावर किंवा ऑइलच्या नावात सापडायला हवेत. बाहेरच्या गॅरेजची बिलं पाहून नाक मुरडू नका. गाडी ओळखणारा गॅरेजवाला ऑइल दर ७,५०० किलोमीटरला बदलत असेल आणि नोंदी ठेवत असेल, तर ती गाडी मी फक्त शोरूमचे शिक्के असलेल्या गाडीइतकीच, कधी कधी थोडी जास्तही मानतो.

मग या ओळी शोधा:

- व्हीआरएस २३० च्या सहा गिअरच्या डीएसजीचा क्लच तेलात बुडालेला असतो. गिअरबॉक्स ऑइल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलायचा असतो. ७०,००० चाललेल्या गाडीच्या फाइलमध्ये ही ओळ नसेल तर ते काम झालेलं नाही असंच धरा. 'झालंय, बिल सापडत नाही' याची किंमत शून्य.
- ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ते वेळेवर बदलणारा मालक बाकीचंही वेळेवर करत आलेला असतो.
- स्पार्क प्लग. रीमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या गाडीत ते बरेच आधी बदलावे लागतात.
- 'कूलंट टॉप-अप' किंवा 'इंजिन ऑइल टॉप-अप'. एकदा दिसलं तर चालेल. तीन बिलांत दिसलं तर कूलंट कुठून तरी जातंय किंवा इंजिन ऑइल खातंय, आणि प्रत्येक वेळी पुढच्या सर्व्हिसवर ढकललं गेलंय.

जॉबकार्ड मिळालं तर सोनंच. बिलात केलेलं काम असतं, जॉबकार्डवर ग्राहकाची तक्रार असते. 'पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटका', त्यापुढे 'तपासले, सामान्य आढळले', आणि सहा महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार, अशी जोडी दिसली तर टेस्ट ड्राइव्हमध्ये काय शोधायचं ते ठरलं.

लोक नेमकं उलटं करतात ते इथे. 'आजवर एकही काम निघालं नाही' हे ऐकून खूश होतात आणि वॉटर पंप, इंजिन माउंट, कंट्रोल आर्म बदललेल्या गाडीला 'काम निघालेली गाडी' म्हणून नाकारतात. आठ वर्षांच्या परफॉर्मन्स गाडीत ही कामं निघतातच. प्रश्न इतकाच की ती आधीच्या मालकाच्या खिशातून गेली की तुमच्या खिशातून जाणार आहेत. मला जाड फाइल आवडते.

चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि शक्यतो मालकालाच सोबत न्या. मालक समोर असला की नोंदींचा प्रिंटआउट मिळणं सोपं जातं. त्यातले किलोमीटर तुमच्या कागदाशी जुळवा.

त्या गाडीची खास दुखणी

व्हीआरएसमधलं ईए ८८८ इंजिन हे तिसऱ्या पिढीचं, मुळात दणकट. त्याचा ओळखीचा त्रास म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग. उष्णतेने ते वाकतं आणि कूलंट झिरपू लागतं. टॉर्च घेऊन इंजिनच्या बाजूला वाळलेल्या गुलाबी-जांभळ्या कूलंटचे खपले शोधा. ते काम आधीच झालं असेल तर उत्तमच.

याच इंजिनाच्या दुसऱ्या पिढीची गोष्ट वेगळी. जुन्या लॉरा आणि सुपर्बमधलं १.८ टीएसआय स्वस्तात दिसतं आणि भुरळ घालतं. त्यात टायमिंग चेन टेन्शनर (चेन ताणून धरणारा पार्ट) आणि ऑइल खाणारे पिस्टन रिंग ही दोन्ही दुखणी जगभर प्रसिद्ध आहेत. चेन उडाली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. टेन्शनर बदलल्याचं बिल नसेल तर मी अशी गाडी बघायलाही जात नाही.

२०२० च्या आधीच्या पोलो जीटी टीएसआय आणि २०१३ नंतरच्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयमध्ये सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी आहे. त्यात मेकाट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग) आणि क्लच पॅक ही खर्चाची जागा. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकणं या क्लचला अजिबात मानवत नाही. त्यामुळे रोज हिंजवडीला जाणारी ४०,००० ची गाडी ही कोल्हापूर-पुणे करणाऱ्या ८०,००० च्या गाडीपेक्षा गिअरबॉक्सच्या बाबतीत जास्त थकलेली असू शकते. फास्टॅगचं स्टेटमेंट दाखवा म्हणा. गाडी हायवेवर चालली की गल्लीत, हे टोलनाके सांगतात.

बीएमडब्ल्यूत २०१५ च्या आधीच्या ३२८आयमधलं एन२० इंजिन असेल तर टायमिंग चेनच्या प्लास्टिक गाइडबद्दल विचारा. ती तुटून तुकडे इंजिनाखालच्या ऑइल सम्पमध्ये जातात. एम३४०आयचं सहा सिलिंडरचं बी५८ मात्र विश्वासाचं मानलं जातं. तिथे चिंता इंजिनापेक्षा टायर, ब्रेक आणि आधीच्या मालकाच्या उजव्या पायाची. अबार्थ पुंटो चालवायला भन्नाट, पण फियाटने भारतात आपल्या गाड्या विकणं थांबवून वर्षं झाली. ती घेण्याआधी पार्ट्स कुठून येणार याचा पत्ता हातात हवा.

रीमॅपचा प्रश्न

व्हीआरएस, जीटीआय, पोलो जीटी यांपैकी बऱ्याच गाड्यांना 'स्टेज वन', म्हणजे पहिल्या पायरीचा रीमॅप झालेला असतो. विकण्याआधी गाडी पुन्हा स्टॉकवर (कंपनीच्या मूळ स्थितीत) आणली जाते आणि जाहिरातीत 'कम्प्लीटली स्टॉक' लिहिलं जातं. रीमॅप म्हणजे गाडी वाया गेली असं मी मानत नाही. व्यवस्थित सॉफ्टवेअर, चांगलं पेट्रोल आणि वेळेवर ऑइल असेल तर स्टेज वन इंजिन वर्षानुवर्षं धावतं. मला भीती लपवलेल्या रीमॅपची आहे, कारण जो ते लपवतो तो आणखीही लपवतो.

खुणा शोधा: कोल्ड एअर इनटेकचा क्लॅम्प, बदललेली डाउनपाइप (टर्बोला लागून असलेला एक्झॉस्टचा पाइप), नवी ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, नेहमीपेक्षा थंड दर्जाचे प्लग. फोक्सवॅगन समूहाच्या सर्व्हिस सिस्टीममध्ये रीमॅप सापडलेल्या गाडीवर 'टीडी१' अशी खूण पडते आणि मग इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. सर्व्हिस सेंटरला हे थेट विचारा. विकणाऱ्याने 'एक्सटेंडेड वॉरंटी आहे' म्हटलं तर ती नव्या मालकाच्या नावावर होते का आणि या गाडीवर खरंच लागू आहे का, हे लेखी घ्या.

स्कॅन

स्कॅनरशिवाय अशी गाडी घेणं म्हणजे ब्लड रिपोर्ट न पाहता निदान करणं. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हनसारखा, गाडीतले कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर असलेला मेकॅनिक सोबत न्या. फक्त इंजिनाचं नको, सगळ्या मॉड्यूलचं स्कॅन करा: गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग, सगळं.

एकही फॉल्ट नसणं नेहमी चांगलं नसतं. तुम्ही पोचण्याच्या अर्धा तास आधी फॉल्टचे कोड पुसले असतील तरी स्क्रीन स्वच्छच दिसणार. तेव्हा रेडिनेस पाहा. कोड पुसल्यावर गाडीच्या उत्सर्जनाच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि काही अंतर चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. त्या अपूर्ण दिसल्या तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. आणि साठवलेले फॉल्ट असतील तर त्यांच्यासोबत नोंदलेले किलोमीटर वाचा. मीटरवर ४८,००० आणि एखाद्या फॉल्टवर ६१,३०० असेल, तर मीटर मागे घेतलाय. पुढे बोलण्यात अर्थ नाही, चहा पिऊन निघा.

गाडीसमोर

इंजिन थंड असतानाच जा आणि तसं आधी बजावून सांगा. पोचल्यावर बॉनेट गरम लागलं तर नमस्कार करून दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड स्टार्टचे पहिले चार सेकंद चेनचा खडखडाट ऐकण्याचे. पाच मिनिटं आयडलवर ठेवून मग थोडं अ‍ॅक्सिलरेटर द्या. निळा धूर आला तर ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा धूर म्हणजे कूलंट. त्याची दुरुस्ती इंजिन उघडूनच होते.

टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, आठवडा आणि वर्ष: २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. तीन टायर एका कंपनीचे आणि चौथा वेगळाच, की खड्डा किंवा ठोकर. २५,००० किलोमीटरच्या गाडीवर दुसरा सेट असेल तर एकतर गाडी जोरात चालली आहे, नाहीतर मीटर खोटा आहे. खालून अंडरबॉडी, सम्प आणि कंट्रोल आर्मचे बुश पाहा. खाली बसणाऱ्या गाड्या आपले स्पीडब्रेकर पोटावर घेतात.

रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर प्रत्येक पॅनलवर फिरवा. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. एका दरवाज्यावर २५० आलं तर पुन्हा रंगवलाय, आणि शहरातल्या गाडीला ते चालतं. पिलर, छत किंवा चॅसिसच्या रेल्सवर तसं आलं तर चालत नाही.

पाणी गेलेली गाडी ही आपल्याकडची खास जोखीम. २००५ ची मुंबई, २०१९ चं कोल्हापूर-सांगली, २०२१ चं चिपळूण-महाड, आणि दर पावसाळ्यात भरणारी बेसमेंट पार्किंग. सीटबेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग धुतात, आत गुंडाळलेला भाग धुवायचा विसरतात, तिथे चिखलाची रेघ राहते. पॅसेंजर बाजूचं कार्पेट उचलून फोम हाताने दाबा. सीटच्या रेल्सच्या बोल्टवरचा गंज पाहा. इतक्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गाडीत पाणी शिरलं असेल तर कितीही सूट मिळाली तरी घेऊ नका.

टेस्ट ड्राइव्ह निदान पाऊण तासाची हवी. ऑइल पूर्ण तापेपर्यंत डीएसजीची खोड दिसत नाही. गरम झाल्यावर चढावर उलटा गिअर टाका, ट्रॅफिकमध्ये हळू सरकवा, पहिल्या-दुसऱ्यात थरथर लागते का ते पाहा. जोर लावून पाहायचाच असेल तर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये एकदा पूर्ण दाबा. बूस्ट (टर्बोचा जोर) सलग यायला हवा, अडखळत नाही.

जोखमीची किंमत

आता घासाघीस. अंदाजाने 'दोन लाख कमी करा' म्हटलं की समोरचा हसतो. यादी घेऊन बसा.

समजा दोन व्हीआरएस २३० आहेत. पहिली १७ लाख, पूर्ण फाइल, डीएसजी ऑइल आणि वॉटर पंप झालेला. दुसरी १५.२५ लाख, दोन वर्षं नोंदी नाहीत, डीएसजी ऑइलचा पुरावा नाही, टायर सहा वर्षांचे. दुसरीची कामं तीन खणांत टाका. नक्की करावी लागणारी (टायर, डीएसजी ऑइल, ब्रेक, प्लग) त्यांची कोटेशन घेऊन पूर्ण रक्कम वजा. निघण्याची चांगली शक्यता असलेली (वॉटर पंप, माउंट, बुश) निम्मी वजा. तिसरा खण म्हणजे गाडी बसवणारी कामं: टर्बो, मेकाट्रॉनिक, इंजिन. त्यांची रक्कम वजा करता येत नाही. ती निघाली तर पेलवतील का, एवढंच विचारायचं, आणि नसेल पेलवत तर ती गाडी तुमची नाही. कोटेशन फोनवर घ्या, एक शोरूमचं आणि एक बाहेरच्या जाणकार गॅरेजचं. फरक पाहून डोळे उघडतात.

बहुतेक वेळा बेरीज केल्यावर १५.२५ ची गाडी १७ च्या आसपास किंवा वरच येऊन बसते, आणि नोंदी नसलेली दोन वर्षं ती वेगळीच. मग मी पहिली घेतो. माझ्या मते गाडी कोणतीही घ्या, किमतीच्या दहा-पंधरा टक्के पहिल्या वर्षासाठी बाजूला हवेतच. बजेट १७ असेल तर १५ ची गाडी शोधा.

कागद

बँकेचं कर्ज असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवण्याचा) आधी, पैसे नंतर. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, आणि इथला रस्ता कर किती पडेल हे व्यवहाराआधी आरटीओत विचारून घ्या. महाग गाड्यांवर ही रक्कम मोठी असते आणि दिल्लीहून स्वस्त आणलेल्या गाडीची स्वस्ताई इथेच संपते. दोन्ही चाव्या घ्या. दुसरी चावी 'गावी राहिली' असेल तर नव्या चावीचं आणि कोडिंगचं कोटेशन काढून तेवढे पैसे रोखून ठेवा. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज करा. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर पॉलिसी नावावर झाल्याशिवाय धरता येत नाही.